चष्म्याचा नंबर नाही, मग वाचत का नाही?

पालकांचे मनोगत



आपल्या वर्गातली बरीच मुले क्रिकेट नाही तर फुटबॉल खेळतात. गुडघा खरचटला तर तो सगळ्यांना दिसतो. डोक्याला लागले की आपण बर्फ लावतो आणि टेंगूळ उतरले की विसरतो. पण मेंदूला बसलेला हादरा, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, टेंगळाबरोबर उतरतोच असे नाही. बहुतेक मुले चार आठवड्यांत बरी होतात. काहींचा त्रास पुढेही राहतो, आणि पुष्कळदा तो वाचताना जाणवतो. अशा मुलाला आपल्या वर्गात वाचन-लेखनातून काही काळ सूट असावी आणि तोवर त्याचे मराठी ऐकण्या-बोलण्यातून चालू राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचताना दोन्ही डोळ्यांना एकाच अक्षराकडे आत वळावे लागते, नजर जवळ स्थिर करावी लागते आणि ओळ संपली की नेमक्या पुढच्या ओळीवर उडी मारावी लागते. हे सारे मेंदू जुळवून आणतो. माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे, तर दोन्ही कॅमेरे उत्तम असतात, पण चित्रे जुळवणारा प्रोग्रॅम अडखळतो. मग अक्षरे दुहेरी दिसतात, ओळ हरवते, कपाळ दुखते. चष्म्याच्या दुकानातला तक्ता दूरचा आणि एकेका डोळ्याने वाचायचा असतो. त्यात हा दोष दिसत नाही. नंबर ६/६ येतो आणि आपण म्हणतो, "डोळे तर ठीक आहेत, मग वाचत का नाहीस?"

हे क्वचित घडते असेही नाही. फिलाडेल्फियातील मुलांच्या रुग्णालयाशी संबंधित डॉक्टरांनी कन्कशननंतर उपचारांसाठी आलेल्या ११ ते १७ वर्षांच्या १०० मुलांची नजर तपासली. त्यांपैकी ६९ जणांत दृष्टीचा एक तरी दोष आढळला. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ही मुले दवाखान्यात आलेली, म्हणजे जास्त त्रास असलेली होती, हे खरे. तरीही आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मराठीच्या वर्गात हा दोष लपणे फार सोपे आहे. आपल्या मुलांचा रोजचा संबंध इंग्रजीशी, थोडाफार अरबीशी. देवनागरी ती मुळातच सावकाश वाचतात. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या जराशा फटीचा. त्यात आपल्या झेरॉक्स प्रती पुसट! मूल अडखळले तर "सराव नाही" असे म्हणून आपण मोकळे होतो.

आमची मुलगी गेल्या हिवाळ्यात कुरुमच्या किनाऱ्यावर फुटबॉल खेळताना दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर आपटली. दीड महिन्यानंतरही दहा मिनिटे वाचले की तिला शब्दांच्या जोड्या दिसत. वर्गातल्या ताईंनी तिला धडा वाचायला न लावता तो ऐकून आपल्या शब्दांत सांगायला लावला. तिचे मराठी त्या काळात मागे पडले नाही, उलट बोलणे सुधारले. एका ताईंनी आपणहून जे केले, ते वर्गाची रीत व्हावे एवढेच माझे म्हणणे आहे.

काही जण म्हणतील, "आमच्या वेळी असले लाड नव्हते." संदीप पाटील यांची गोष्ट मीही मुलांना अभिमानाने सांगतो. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला लेन पास्कोचा चेंडू डोक्याला लागून ते कोसळले आणि पुढच्याच ॲडलेड कसोटीत त्यांनी १७४ धावा काढल्या. हेच पाटील पुढे ओमानच्या संघाचेही प्रशिक्षक झाले. पण क्रिकेटनेच ऑगस्ट २०१९ पासून नियम बदलला. कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू पूर्ण खेळू शकतो. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला आणि त्याने ५९ धावा केल्या. शूरांच्या खेळाला जे पटले ते आपल्या वर्गाला पटायला हरकत नसावी.

मुले सबब सांगतील ही शंकाही रास्त आहे. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी मागावी. सूट म्हणजे सुट्टी नव्हे. अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहण्याचा सल्ला आता डॉक्टरही देत नाहीत. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, स्क्रीन कमी, आणि मग हळूहळू नेहमीचे व्यवहार, अशी आजची पद्धत आहे. मात्र पुन्हा डोक्याला लागेल असा खेळ डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नको.

वर्गाने करायच्या गोष्टी खर्चाच्या नाहीत. धडा मोठ्या अक्षरांत झेरॉक्स करावा. ओळीखाली कोरा कागद धरू द्यावा. दहा मिनिटांनी डोळे मिटू द्यावेत. परीक्षा तोंडी घ्यावी. घरी आजीशी फोनवर बोलणे हाच गृहपाठ समजावा.

पालकांनीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मार लागल्यावर वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके किंवा बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. आणि महिन्यानंतरही वाचताना त्रास होत असेल, तर केवळ नंबर काढून न थांबता दोन्ही डोळे एकत्र कसे काम करतात हे तपासा, असे डोळ्यांच्या डॉक्टरांना मुद्दाम सांगावे. यावर व्यायाम आणि उपचार आहेत.

पुढच्या पालकसभेत हा विषय घ्यावा, ही विनंती. आणि मुलांनो, अक्षरे दोन-दोन दिसू लागली तर लाजू नका. ताईंना सांगा.