आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून?

३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबादच्या मैदानावर भारताच्या सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघाने इराणचा २-१ असा पराभव केला आणि २०२६ च्या आशियाई स्पर्धेत प्रवेश मिळविला. त्याच गटात लेबनॉनकडून हार पत्करावी लागली होती. इराणला बरोबरीही पुरेशी होती, आणि पहिला गोलही इराणनेच केला होता. असे असता मागून येऊन सामना जिंकणाऱ्या या मुलांचे, आणि त्यांचे गोमंतकीय मार्गदर्शक बिबियानो फर्नांडिस यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन केले आहे व आजही करतो. परंतु अभिनंदनाचे दोन शब्द उच्चारून मोकळे व्हावे, इतका हा विषय हलका नाही. शंभर कोटींहून अधिक लोकवस्तीच्या देशाला आशियाई स्पर्धेचा नुसता दरवाजा उघडला, म्हणून एवढा हर्ष का व्हावा, हा प्रश्न या आनंदाच्या पोटातच दडलेला आहे. तो विचारण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे.

कारण वस्तुस्थिती अशी आहे की, २०२५ अखेरपर्यंत भारताच्या या वयोगटातील मुलांनी जागतिक स्पर्धेत पाऊल टाकले ते एकदाच, २०१७ साली. आणि मुलींनी टाकले तेही एकदाच, २०२२ साली. दोन्ही वेळा आपण यजमान होतो. मांडव आपला, म्हणून पहिले पान आपल्याला, असा तो प्रकार. मैदानावर झुंजून मिळविलेले आमंत्रण तोवर आपल्या वाट्याला आले नव्हते.

हे नेहमीच असे होते काय? मुळीच नाही. १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताने जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझा याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून आपला संघ उपान्त्य फेरीत नेला, आणि ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. कुमारांचे म्हणाल, तर १९७४ साली बँकॉक येथे शब्बीर अलीच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने आशियाई युवक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात याच इराणशी २-२ अशी बरोबरी करून संयुक्त विजेतेपद पटकाविले होते. दैवाचा खेळ असा की, त्या वयोगटाची जागतिक स्पर्धाच मुळी १९७७ साली ट्युनिशियात सुरू झाली. ज्या वर्षी आपण आशियाचे विजेते होतो, त्या वर्षी जायला पुढे दालन नव्हते. आणि दालन उघडले, तेव्हा आपण उंबरठ्यापर्यंतही पोचेनासे झालो.

उंबरठ्याच्या अगदी जवळ आपण आलो ते दोनदा. २००२ साली सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरी गाठून आपण दक्षिण कोरियाकडून हरलो. २०१८ साली मलेशियात याच फर्नांडिस यांच्या शिष्यांनी व्हिएतनामला हरविले, इराण व इंडोनेशिया यांना रोखले आणि गटातील तिन्ही सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. पुढील सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाने १-० असा एकाच गोलाने त्यांचा मार्ग अडविला. तो सामना जिंकला असता, तर पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत भारत स्वपराक्रमाने गेला असता. आता जागतिक स्पर्धेतील संघांची संख्या अठ्ठेचाळीसवर गेली आहे, ती दरवर्षी भरते, आणि आशियाई स्पर्धेची उपान्त्यपूर्व फेरी गाठणाऱ्या आठही संघांना तिचे दार उघडे असते. म्हणजे २०१८ साली जे पुरेसे ठरले नाही, ते आज पुरेसे ठरते. दार रुंद झाले आहे. प्रश्न आपल्या चालीचा आहे.

२०१७ सालच्या यजमानपदाचा हिशेब या दृष्टीने मांडून पाहण्यासारखा आहे. ती स्पर्धा पाहण्यासाठी तेरा लाख सत्तेचाळीस हजारांवर प्रेक्षक लोटले. या वयोगटाच्या जागतिक स्पर्धेत तोवर कोठेही एवढी गर्दी झाली नव्हती. म्हणजे या देशात फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, हा युक्तिवाद कायमचा निकालात निघाला. मात्र मैदानावर आपण अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असे तिन्ही सामने हरलो. कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सन सिंगने ब्याऐंशीव्या मिनिटाला हेडरने केलेला गोल हा जागतिक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल. परंतु त्या बरोबरीचा आनंद मिनिटभरात कोलंबियाने हिरावून घेतला. चूक त्या मुलांची नव्हती. त्यांची निवड करून, शिबिरे भरवून, परदेशांत दौरे काढून, दोन वर्षांत दोन परदेशी प्रशिक्षक बदलून त्यांना घडविण्याचा प्रयत्न झाला. ज्यांच्याशी गाठ होती, ती मुले मात्र सहा-सात वर्षांची असल्यापासून दर आठवड्याला सामना खेळत मोठी झालेली होती. दोन वर्षांची शिकवणी आणि दहा वर्षांचा अभ्यास यांतील अंतर परीक्षेच्या दिवशी दिसल्यावाचून कसे राहील?

मुलींची कहाणी याहून कठोर आहे. २०२२ साली अखिल भारतीय महासंघाच्या कारभाराचा घोळ एवढा वाढला की, ऑगस्टमध्ये फिफाने महासंघालाच निलंबित केले आणि यजमानपदही जाण्याची वेळ आली. निलंबन उठले, स्पर्धा झाली. पण भुवनेश्वरला आपल्या मुलींनी अमेरिका, मोरोक्को व ब्राझील यांच्याकडून मिळून सोळा गोल स्वीकारले आणि एकही करू शकल्या नाहीत. तथापि याच मुलींच्या मागून आलेल्यांनी तीन वर्षांत मान वर काढली, हेही नमूद केले पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालील मुलींनी म्यानमारला त्याच्याच भूमीवर नमवून २००६ नंतर प्रथमच आशियाई स्पर्धा गाठली. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला २-१ असे हरवून तोच मान मिळविला. तेव्हा आपल्या मुलामुलींच्या अंगी गुण नाही, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

मग उणे कोठे आहे? आमचे स्पष्ट मत असे की, राष्ट्रीय कुमार संघ हा पोहरा आहे, आड नव्हे. पोहरा चांदीचा केला, त्याला परदेशी दोर बांधला, तरी आडात असेल तेवढेच पाणी तो वर आणणार. हा आड म्हणजे गावोगावची मैदाने, शाळाशाळांचे संघ आणि वर्षभर चालणारे त्यांचे सामने. २०१७ च्या एकवीस जणांच्या संघात आठ मुले एकट्या मणिपूरची होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मणिपूरची लोकसंख्या तीस लाखांच्याही आत. पण तेथे खेळ हा पोरांच्या संध्याकाळचा भाग आहे. त्या संघात मराठी नावे होती दोन. एक अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे आणि दुसरा कोल्हापूरचा अनिकेत जाधव. अनिकेत कोल्हापूरचा निघाला, हा योगायोग नव्हे. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा अर्धे शहर तेथे लोटते, आणि पेठेतले पोर चालू लागले की चेंडूला पाय लावते. ज्या तालमींनी मल्ल घडविले, त्यांनीच फुटबॉल उचलून धरला. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र यांचे संघ एके काळी खेळाडूंना नोकरी व प्रतिष्ठा देत. ते दिवस मावळले, १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धाही काळाच्या उदरात गडप झाली. कोल्हापूरचा फुटबॉल मात्र टिकला, कारण तो कंपनीच्या आश्रयावर नव्हे, पेठेच्या अभिमानावर उभा होता.

आम्हां रायगडकरांना तर हे सांगण्यासाठी कोल्हापूरपर्यंतही जावयास नको. आपल्या जिल्ह्यात कबड्डी फोफावली, ती कोणा तज्ज्ञाच्या आराखड्याने नव्हे. गावागावांत संघ आहे, गावदेवीच्या प्रांगणात सराव आहे, हंगामात सामने आहेत, आणि हरलेल्या गावाला पुढल्या वर्षीची वाट आहे. एवढ्या चार गोष्टींनी खेळ जगतो. फुटबॉलला पाचवी गोष्ट लागत नाही.

आता पनवेलकडे वळू. पनवेलहून लोकलमध्ये बसले, तर सहावे स्थानक नेरूळचे. तेथील डॉ. डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २५ ऑक्टोबर २०१७ रोजी स्पेनने मालीचा ३-१ असा पराभव करून जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. त्या दिवशी गोल करणारा फेरान टोरेस पुढे स्पेनच्या मोठ्या संघातून २०२४ चे युरोपीय विजेतेपद मिळवून आला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामनाही तेथेच झाला. त्याच वर्षीच्या आशियाई महिला स्पर्धेच्या निमित्ताने सिडकोने आपल्या खारघरला फुटबॉलचे उत्तम मैदान सिद्ध केले. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा संकल्प सरकारने सोडला आणि शाळांना चेंडू वाटले. जगातील उत्तम कुमार फुटबॉल आपल्या अंगणात येऊन खेळून गेला. आपण टाळ्या वाजविल्या. परंतु सरकारने वाटलेल्या त्या चेंडूंचे सोळा सप्टेंबरला काय झाले, याची विचारपूस कोणी केली? एका दिवसाचा उत्सव हा आपला हातखंडा. रोजचा रियाझ हा आपला कंटाळा. दोष कोणा एका पक्षाचा वा कार्यालयाचा नाही, तो आपल्या सार्वजनिक वृत्तीचा आहे.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या गणनेनेही तिच्या हद्दीत पाच लाखांवर माणसे होती. त्यानंतर खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल येथे इमारतींची किती भर पडली, हे वाचकांस सांगावयास नको. एवढ्या नगरातून कुमारांचा एक नियमित साखळी सामन्यांचा हंगाम उभा राहू नये, हे पटण्यासारखे नाही. त्यासाठी भव्य क्रीडागार लागत नाही. महासंघानेच २०१८ साली सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ नावाची योजना काढली, तिचा आशय इतकाच की लहान मुलांना लहान मैदानावर, थोड्या भिडूंसह, पण पुष्कळ सामने खेळू द्यावेत. शाळेचे पटांगणही तेवढ्याला पुरते. महापालिका, सिडको आणि शिक्षणसंस्था यांनी एकत्र बसून चार गोष्टी कराव्यात. विकास आराखड्यात खेळासाठी राखलेली मैदाने संध्याकाळी मुलांसाठी खुली ठेवावीत व ती मंडपांना, प्रदर्शनांना आणि वाहनांना देण्याची जी खोड महाराष्ट्रातील शहरांना जडली आहे, तिला येथे तरी लगाम घालावा. जूनमध्ये वेळापत्रक जाहीर करून पावसाळ्यानंतर सहा महिने बारा, चौदा व सतरा वर्षांखालील आंतरशालेय साखळी सामने भरवावेत. मुलींचे सामने त्याच दिवशी, त्याच मैदानावर असावेत. खारघरचे मैदान मोठ्या सामन्यांच्या प्रतीक्षेत न ठेवता या साखळीच्या अंतिम सामन्यांना द्यावे, म्हणजे पोरांना त्या हिरवळीची ओढ लागेल. आणि वयाच्या दाखल्यात लबाडी खपवून घेऊ नये. २००९ पासून फिफा मुलांच्या मनगटाची चुंबकीय तपासणी करून वय पडताळते. तेथे उघडे पडण्यापेक्षा येथेच खरे बोललेले बरे. एकोणीस वर्षांचा सतराचा म्हणून खेळविला, की खऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलाची जागा जाते, आणि ती पुन्हा मिळत नाही.

शेवटी सरकारकडे बोट दाखविणे सोपे आहे; आपल्या घराकडे वळविणे कठीण. सतरा वर्षांखालील संघात निवड होण्याचे वय आणि दहावीच्या परीक्षेचे वय जवळजवळ एकच. आपल्या सुशिक्षित घरांत नववीच्या सुट्टीतच चेंडू माळ्यावर जातो आणि शिकवणीची वही हाती येते. शाळाही खेळाचा तास गणिताला उसना देतात, आणि तो कधीच परत करीत नाहीत. खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात, म्हणून काही घरांत खेळाला मुभा मिळते. पण ती मुभा प्रमाणपत्रापुरती. पालकांची काळजी आम्ही समजू शकतो. फुटबॉलवर पोट भरेलच, अशी हमी आज कोणी देऊ शकत नाही, आणि आम्हीही देत नाही. परंतु संध्याकाळचा एक तास मैदानावर गेल्याने कोणाची दहावी बुडाल्याचे ऐकिवात नाही. प्रत्येक मूल भारतासाठी खेळणार नाही, हे उघड आहे. मात्र शंभर मुले नियमाने खेळली, तरच त्यांतील एक पुढे जाते. उरलेली नव्व्याण्णव धडधाकट, हार पचविणारी आणि दुसऱ्याला चेंडू देण्यास शिकलेली माणसे होतात. नगराला हा व्यवहार तोट्याचा नाही.

१९७४ साली इराणशी बरोबरी करून आपण आशियाचा चषक वाटून घेतला. २०२५ साली इराणलाच हरवून त्याच खंडाच्या स्पर्धेत नुसता प्रवेश मिळविला. या दोन घटनांमध्ये एक्कावन्न वर्षे गेली. पुढील पन्नास वर्षे पुन्हा पाहुण्यांच्या गोलांवर टाळ्या वाजविण्यात घालवायची की काय, याचा निर्णय दिल्लीत वा झुरिकमध्ये होणार नाही. तो पनवेलसारख्या शंभर गावांच्या मैदानांवर होईल. पोहरा तयार आहे. आड खणण्याचे काम आपले आहे, आणि ते येत्या जूनपासूनच सुरू झाले पाहिजे.