लग्नघरीं पाहुण्यानें काय घालावें?

लग्नास जातांना अंगावर काय घालावें हा प्रश्न क्षुल्लक आहे, असें म्हणणारे लोक बहुधा दोन प्रकारचे असतात. ज्यांच्या पेट्या कपड्यांनीं भरलेल्या आहेत ते एक, आणि ज्यांनीं हा प्रश्न घरांतील बायकांवर सोंपविलेला आहे ते दुसरे. बाकीच्यांस तो क्षुल्लक नाहीं. बालाघाटाच्या पठारावरील आमच्या लिंबागणेशास आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तर तो पैशाचा प्रश्न आहे, आणि पैशाहूनहि अधिक, चारचौघांत मान वर ठेवण्याचा आहे. ऊसतोडीस गेलेलीं माणसें पाडव्याच्या सुमारास परत येतात आणि चैत्र-वैशाखांत लग्नांची एकच गर्दी उडते. एकेका घरीं पत्रिकांची चवड सांचते. ज्या घरानें मुकादमाची उचल नुकतीच फेडली, किंवा अद्याप फेडावयाचीच आहे, त्या घरास प्रत्येक पत्रिका नेकनूरच्या नाहीं तर बीडच्या कापडदुकानाची वाट दाखविते.

या विषयावर लिहिण्यास निमित्त झालें तें मात्र दूरदेशींच्या एका चालीचें. आमच्याकडील मुलें आतां शिकून पुण्यामुंबईस आणि तेथून विलायतेसहि जातात. तेथें बरोबर काम करणारा कोणी आपल्या लग्नास बोलावतो, पत्रिकेवर पोषाखाचा प्रकार छापलेला असतो, आणि मुलगा गोंधळून घरीं विचारतो कीं काय घालूं? घरच्यांस तरी काय ठाऊक! तेव्हां विलायती लग्नांत पाहुण्यास कोणते नियम लागू आहेत आणि ते आले कोठून, हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं. कारण तेच नियम, अर्धेमुर्धे समजलेले, आतां आमच्या पत्रिकांवरहि उतरूं लागले आहेत.

पहिला नियम पांढऱ्या रंगाचा. नवरीखेरीज इतर स्त्रियांनीं तेथें पांढरा पोषाख घालूं नये. हा नियम सनातन काळापासूनचा आहे असें कोणीं समजूं नये. पूर्वीं इंग्लंडांतील सामान्य घरची नवरी आपला जो उत्तम झगा असेल तो, मग तो निळा असो कीं तपकिरी, घालून उभी राहत असे. 10 फेब्रुवारी 1840 रोजीं राणी व्हिक्टोरिया हिनें आपल्या लग्नांत पांढरा साटिनचा झगा घातला. त्याचें रेशीम लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागांत विणलेलें होतें, आणि त्यावरील लेस डेव्हन प्रांतांतील कारागीर स्त्रियांनीं हातानें केलेली होती. यंत्राच्या लेसेपुढें त्यांचा धंदा बसत चालला होता. त्यास आधार मिळावा हा राणीचा एक हेतु होता. तिच्यापूर्वीं कोणी पांढरें घातलेंच नव्हतें असें नाहीं, पण तिच्यामागून तो रंग नवरीचा म्हणून रूढ झाला. आज ज्यास लोक जन्मजात शिष्टाचार मानतात, त्याच्या मुळाशीं हातानें काम करणारांच्या पोटाचाहि विचार होता, हें आम्हांस फार मनोरंजक वाटतें. आमच्या गोदेकाठच्या पैठणांतील विणकरांस अशी राणी वरचेवर भेटती तर!

रंगांचा हा न्याय आपल्याकडेहि आहेच. अष्टपुत्रीचें पिवळें पातळ नवरीचें. तें नेसून पाहुणी मांडवांत आली तर कुजबूज झाल्यावांचून राहणार नाहीं. काळा रंग संक्रांतीस शोभतो, लग्नांत नाहीं. पांढऱ्याची गोष्ट तर विलक्षणच आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत नवरी पांढरी साडी नेसून वेदीपुढें उभी राहते, आणि शेजारच्या हिंदु घरांतून आलेल्या एखाद्या म्हातारीच्या पोटांत तें पाहून चर्र होतें, कारण तिच्या डोळ्यांस पांढरें पातळ म्हणजे वैधव्य. आणि पुरुषांचें पाहावें तर आमच्या भागांतील कोणत्याहि मांडवांत वडीलधारी मंडळी पांढरें धोतर, पांढरा सदरा व पांढरी टोपी अशीच बसलेली असते. विलायतेची नवरी तेथें चुकून आली तर हे सारे आपणांस खिजवावयास जमले आहेत कीं काय, असें तिला वाटावें! नियम स्त्रियांपुरता आहे, हें आमच्या धोतरवाल्यांचें सुदैव.

दुसरा नियम पुरुषांच्या कोटाचा. इंग्लंडांत 1886 पर्यंत लग्न सामान्यतः सकाळीं 8 ते दुपारीं 12 याच वेळांत लावावें लागे. त्या वर्षीं ती वेळ दुपारीं 3 पर्यंत आणि 1934 सालीं सायंकाळीं 6 पर्यंत वाढविली गेली. कायद्यांतील हें बंधन इंग्लंड व वेल्समध्यें 2012 सालीं उठलें. लग्न सकाळचें, म्हणून पोषाखहि सकाळचा. पुढून तिरपा कापलेला व मागें लांब शेपट्या असलेला काळा किंवा करडा कोट, आंत वेस्टकोट, पट्ट्यांची विजार आणि हातांत उंच टोपी, असा तो थाट असे. आज तो मोठ्या घरच्या लग्नांतच विशेष दिसतो. इतरत्र साधा सूट आणि टाय पुरे होतो. स्त्रिया रंगीत झगा, आणि त्यावर टोपी किंवा केसांत पिसांचा तुरा घालतात.

आतां असा शेपट्यांचा कोट स्वतःचा असतो किती जणांजवळ? फारच थोड्यांजवळ. बाकीचे तो भाड्यानें आणतात, दोन दिवस वापरतात आणि परत करितात. लंडनांतील मॉस ब्रदर्स या दुकानानें 1897 सालीं पोषाख भाड्यानें देण्यास आरंभ केला, आणि त्या देशांत भाड्याचा कोट घालून लग्नास जाणें ही लाजेची गोष्ट राहिली नाहीं. जो नियम आम्हांस बाहेरून इतका कडक दिसतो, त्याच्या मागें ही सोय उभी आहे. महायुद्धाच्या काळांत तर तेथील कितीतरी नवऱ्या स्वतः उसन्या झग्यांत बोहल्यावर, म्हणजे त्यांच्या वेदीपुढें, उभ्या राहिल्या. कपड्यांचें रेशनिंग तेथें जून 1941 पासून मार्च 1949 पर्यंत चालू होतें. 20 नोव्हेंबर 1947 रोजीं राजकन्या एलिझाबेथ हिचें लग्न झालें तेव्हां तिच्याहि झग्यास कुपनें लागलीं. कित्येक स्त्रियांनीं आपलीं कुपनें तिला टपालानें पाठविलीं. परंतु एकाचें कुपन दुसऱ्यानें वापरणें बेकायदा असल्यामुळें तीं परत धाडावीं लागलीं. त्याच लग्नास महात्मा गांधींनीं आहेर पाठविला, तो स्वतः कातलेल्या सुतापासून विणलेल्या एका वस्त्राचा.

मग आमच्या मुलानें विलायतेच्या लग्नांत सूटच घातला पाहिजे काय? आमच्या मतें नाहीं. स्वदेशीचा स्वच्छ व पूर्ण पोषाख तेथें चालतो. पुष्कळदां तर तो यजमानास अधिक आवडतो. मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. युवराज चार्ल्स यांनीं 2003 सालीं मुंबईंत चर्चगेट स्थानकावर त्यांची भेट घेतली होती. पुढें 9 एप्रिल 2005 रोजीं विंडसर येथें त्यांचा कॅमिला यांच्याशीं विवाह झाला, तेव्हां रघुनाथ मेदगे व सोपान मरे या दोघां डबेवाल्यांस निमंत्रण होतें व ते गेले. मावळ, खेड, जुन्नरकडील ही माणसें. यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी साऱ्या मुंबईच्या ओळखीची. त्यांच्या मंडळींनीं आहेर केला तोहि आपल्या रीतीचा, नवरीस साडी आणि नवरदेवास पागोटें. नवरदेवानें शेपट्यांचा कोट घालावा आणि पाहुण्यांनीं त्याच्यासाठीं पागोटें न्यावें, यांत विसंगत असें आम्हांस कांहींच दिसत नाहीं.

दुसऱ्याच्या घरीं त्याची रीत पाळून जाणें आमच्या वाडवडिलांसहि नवें नव्हतें. आमचा जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या दरबारांत जाणारास शेरवानी, डोक्यावर दस्तार व कमरेस बगलूस लागत असे. दरबार गेला, दस्तार गेला. शेरवानी मात्र राहिली, आणि आज ती बीडकडील नवरदेवाच्या अंगावर मिरवते. वैशाखाच्या उन्हांत दुपारच्या मुहूर्तावर लोंकरी सूट घालून घामानें निथळणाऱ्या नवरदेवापेक्षां तो शेरवानीवाला थोडा तरी सुखी म्हणावा. (थोडाच, सुती सदरा व उपरणें याची सर कशासच नाहीं.)

आमचें खरें गाऱ्हाणें पुढेंच आहे. अलीकडे आमच्या भागांतील मोबाइलवर येणाऱ्या पत्रिकांतून ‘हळदीस पिवळा पोषाख’, ‘लग्नास अमुक रंगाची साडी’ अशा आज्ञा येऊं लागल्या आहेत. छायाचित्रें सुरेख निघावीं एवढाच त्यांचा हेतु. हेतूंत वाईट नाहीं. परंतु आज्ञा विलायतेहून आली आणि तिच्यामागची भाड्याची सोय तेथेंच राहिली. तीन मुलींची आई एका संध्याकाळच्या हळदीकरितां तीन पिवळे पोषाख कोठून आणणार? ती उधारीवर आणते, किंवा मुलींस घरीं ठेवते, आणि विचारलें तर ताप आला होता असें सांगते. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपण यजमानास लावितों. येथें तर ऋण पाहुण्यानें काढावयाचें आणि सण दुसऱ्याचा!

शुभवर्तमानांत मत्तयाच्या 22 व्या अध्यायांत लग्नाचा पोषाख न घालतां आलेल्या पाहुण्याचा दृष्टांत आहे. तो वाचतांना मुलें नेहमीं विचारतात कीं बिचाऱ्याजवळ पोषाख नसला तर त्याचा काय अपराध? कित्येक टीकाकार याचें उत्तर असें देतात कीं, तसा पोषाख यजमानच पुरवीत असे, आणि या मनुष्यानें तो घेतला नाहीं. तें कसेंहि असो, आमच्या मराठवाड्यांतील मांडवास हें उत्तर पूर्ण लागू पडतें. आमच्याकडे पाहुण्यास फेटा बांधतो तो यजमान. टोपी, उपरणें, खण देतो तोहि यजमानच. (ध्वनिक्षेपकावरून एकेकाचें नांव पुकारून टोपी-टॉवेल देतां देतां मुहूर्त टळतो, आणि ते टॉवेल कोणी वापरीत नाहीं, ही गोष्ट निराळी, त्यावर पुन्हां केव्हां तरी लिहूं.) ज्यास सर्वांच्या अंगावर एक रंग पाहावयाचा आहे त्यानें तो रंग स्वतःच्या खर्चानें मांडवाच्या दारांत द्यावा, ही आमची रीत. विलायतेच्या आज्ञेपेक्षां ती अधिक विचाराची आहे असें आम्हांस वाटतें.

आणि भाड्याचें दुकान आमच्याकडे नव्हतें तरी शेजारणीची पेटी होती. एका आळींत एक जरीचा शेला आणि एक बरी पैठणी असली म्हणजे ती आळीभर पुरत असे. आज हिच्या भाचीचें लग्न, उद्यां तिच्या पुतण्याचें. वस्त्र घडी करून जाई, धुऊन-वाळवून घडी करून परत येई. एकानें मित्रास आपला शेला दिला आणि वरातींत भेटेल त्यास तो सांगत सुटला कीं, ‘हे आमचे स्नेही, अंगावरचा शेला तेवढा माझा आहे,’ ही गोष्ट आजोबा सांगतात ती देणाराच्या फजितीची आहे, घेणाराच्या नव्हे. ती पेटी आतां बंद होत चालली आहे. जिच्याजवळ चार साड्या आहेत ती मागण्यास लाजते, आणि जिच्याजवळ चाळीस आहेत ती देण्यास विसरते. लंडनचा मोठा मनुष्य भाड्याच्या कोटांत ताठ मानेनें उभा राहतो, आणि आमच्या कष्टकऱ्याच्या मुलीनें मावशीची साडी नेसली म्हणून मैत्रिणी एकमेकींस खुणावतात. यांत विलायतेपासून घेण्यासारखें जें होतें तेंच नेमकें आपण घेतलें नाहीं.

विलायतेंत असलेल्या मुलांनीं पत्रिकेवरील शब्द नीट वाचावेत, न समजल्यास यजमानास सरळ विचारावें. तेथें असें विचारणें शिष्टपणाचेंच समजतात. मुलींनीं पांढऱ्या व मोतिया रंगाची साडी टाळावी, बाकी सारे रंग मोकळे आहेत. थंडीसाठीं शाल बरोबर असूं द्यावी, कारण तिकडील उन्हाळा म्हणजे आमच्याकडील पौष.

आणि येथें असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस एक सांगणें आहे. कित्येक मुलें लग्नास शाळेच्या गणवेशांत येतात, कारण घरांतील धड असा कपडा तोच असतो. त्यांस पाहून हंसणारेहि त्यांच्याच वर्गांतील असतात, असें आम्हांस कळतें. त्या हंसणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, लग्नमंडपांत कर्जावांचून शिवलेला कपडा कोणता हें सांगणें कठीण असतें, आणि गणवेश त्यांत बहुधा असतो. गणवेशांत येणाऱ्या मुलांनीं खुशाल यावें, पुढच्या पंगतींत बसावें, फेटेवाला दिसला तर फेटाहि बांधून घ्यावा. खिशावर शाईचा डाग असेल तर आदल्या दिवशीं लिंबू व मीठ लावून तेवढा काढून टाकावा.