पित्त नव्हे हो!

गेल्या वर्षी आमच्या वहिनीचं गॅस्ट्रिक बायपास झालं. तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या आणि अख्ख्या घरानं निदान केलं... पित्त! आलं-लिंबू झालं, कोकम सरबत झालं. मीही फोनवरून तेच सांगत होते. काही दिवसांनी ती चालताना झोकांड्या खायला लागली, तेव्हा कुठे डॉक्टर आठवले.

कारण निघालं बी-१, म्हणजे थायमिनची कमतरता. शरीरात त्याचा साठा जेमतेम २-३ आठवड्यांचा. उलट्या थांबल्या नाहीत तर नसा आणि मेंदूवरच येतं. आधी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर आणखी वाईट.

या ऑपरेशननंतरचं पथ्य घरच्यांनीही शिकायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. जठराची पिशवी उरते साधारण ३० मिलीची, आणि आपण "एवढंसंच?" म्हणत अर्धी पुरणपोळी वाढतो! (घाम आणि धडधड तिला, पुण्य आपल्याला.) लोह, कॅल्शियम, बी-१२ आता जन्मभर. आईला मात्र अजून वाटतं, गोळ्यांची सवय लागेल.

असो. वहिनी आता नीट चालते. रविवारी जेवायला येतेय, आईसुद्धा. आईशी आधी बोलावं लागणार.