विश्लेषण : निसर्गातील अमूर्त आकृत्या केवळ सुंदर म्हणून टिपायच्या का?

पुणे-सातारा महामार्गावरून चेलाडी फाट्याला वळले, की नसरापूर लागते. राजगड-तोरण्याला निघालेले बहुतेक जण इथे थांबत नाहीत. थांबलेच तर बनेश्वरचे दर्शन घेऊन शिवगंगेच्या धबधब्यासमोर सेल्फी काढतात. पण इथल्या कातळावर, झाडांच्या सालीवर आणि वाळलेल्या भातखाचरांत अमूर्त चित्रांचे दालनच मांडलेले असते. मोबाइलमुळे ते टिपणे कुणालाही शक्य झाले आहे. मात्र, चित्र देखणे आले म्हणजे काम संपले, असे मानणे चुकीचे ठरेल.

अमूर्त छायाचित्र म्हणजे काय?

वस्तूची ओळख बाजूला ठेवून तिच्यातील रेषा, पोत, रंग आणि लय एवढेच चौकटीत घेणे. क्षितिज, आकाश, माणूस वगळला की नजरेला माप उरत नाही. मग हातभर दगडही विमानातून पाहिलेल्या मुलखासारखा भासतो.

या आकृत्या घडतात कशा?

दख्खनचा काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यातील वायूच्या बुडबुड्यांनी ठेवलेल्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून आलेली खनिजे साचली. कातळावरचे पांढरे ठिपके ते हेच. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन. ते मध्यापासून चहूबाजूंनी सावकाश पसरते, म्हणून त्याची नक्षी गोल. खाचरातला चिखल सुकताना आकसतो आणि तडकतो. पहिल्या भेगा एकमेकींना साधारण काटकोनात मिळतात. तीच जमीन पुनःपुन्हा भिजून सुकली, तर कोन १२० अंशांकडे झुकतात आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. नांगरलेल्या खाचरात मात्र दर हंगामात पाटी कोरी होते. आकारात त्यामागच्या बलांचा माग काढता येतो, ही मांडणी डार्सी थॉम्पसन या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात केली होती.

टिपताना काय पाहावे?

सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश पोत उठावदार करतो. मोबाइल पृष्ठभागाला समांतर धरावा आणि चौकट आकृतीने भरावी. दगडफूल खरवडू नये, दगड हलवू नयेत. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर आणि प्रवाहाच्या काठाशी जाण्याचा मोह टाळावा.

मग आक्षेप कशाला?

आक्षेप आहे तो पत्ता हरवलेल्या सौंदर्याला. समाजमाध्यमांवर अशी चित्रे नाव-गावाशिवाय फिरतात आणि भिंतीवरच्या शोभेच्या कागदासारखी विसरली जातात. चित्रातून माप काढून टाकणे ही कलेची गरज आहे. नोंदीतून ते काढण्याचे कारण नाही. म्हणून अमूर्त चित्रासोबत आणखी दोन छायाचित्रे घ्यावीत : एक शेजारी नाणे ठेवून, दुसरे थोडे मागे सरून आसपासच्या परिसराचे. सोबत ठिकाण आणि तारीख लिहावी.

याचे मोल उद्या कळेल. घाट रुंद होतात, प्लॉटिंगसाठी डोंगर कापले जातात, ओढे वळवले जातात. कोट्यवधी वर्षांची नक्षी असलेला कातळ जेसीबीपुढे दिवसभरही टिकत नाही. तो तिथे होता, हे सांगायला अनेकदा एखादे हौशी छायाचित्रच उरते. त्याच्यामागे ठिकाण आणि तारीख असेल, तरच त्याची साक्ष ग्राह्य धरता येईल.