चिठ्ठी असली म्हणून

“डॉक्टरांनीच लिहून दिलीय, मग व्यसन कसलं?” झोपेच्या गोळीचा विषय निघाला की हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि विचारणारा तो मनापासून विचारत असतो. कुवेतमधल्या महबूल्यात तर या प्रश्नामागचे हाल डोळ्यांना दिसतात. समुद्र आणि फहाहील महामार्ग यांच्यामध्ये दाटलेल्या या वस्तीत कामगार खोल्या वाटून घेऊन राहतात. रिफायनरीतली नाईट ड्यूटी करून आलेला माणूस अंथरुणाला पाठ टेकतो, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा गजर वाजत असतो. कोविडच्या साथीत ६ एप्रिल २०२० पासून ही वस्ती जुलैपर्यंत बंद ठेवली होती. विमानं थांबलेली, गावी देणं थकलेलं. अशा माणसाने झोपेची गोळी मागितली, तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पण चिठ्ठीचा युक्तिवाद मला मान्य नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली औषधं. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचा परिणाम ही गोळी वाढवते. रोज गोळी मिळू लागली की काही आठवड्यांत मेंदू त्या जादा शांततेशी जुळवून घेतो, मग तेवढ्याच डोसाने झोप येईनाशी होते. ही घडामोड शरीरात होते. गोळी चिठ्ठीवर घेतली की चोरून, याने तिच्यात काही फरक पडत नाही. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून पोलीस जी पकडतात ती बहुधा अल्प्राझोलामचीच असते, आणि आपल्या घरात उशीखाली असते तीही तीच. शिवाय चिठ्ठीला मुदत असते. ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९८८ मध्येच बजावलं होतं की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. पंधरा दिवसांची चिठ्ठी तीन वर्षं पुढे करत राहणं म्हणजे डॉक्टरांचा सल्ला पाळणं नव्हे.

दुसरं म्हणणं याच्या अगदी उलट, आणि जास्त घातक: “मन खंबीर असेल तर आज फेकून दे.” दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केली तर हात कापतात, छाती धडधडते, झोप पूर्वीपेक्षाही उडते, कुणाला फिट येते, आणि ती जिवावरही बेतू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गटातल्या सगळ्या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला, तो याचसाठी. यातली सर्वांत मोठी फसगत पुढेच आहे. गोळी थांबवल्यावर आलेल्या त्या भयंकर रात्री माणसाला ‘जुना आजार उलटला’ अशा वाटतात. तो पुन्हा गोळी घेतो, तासाभरात शांत होतो, आणि गोळीवाचून आपलं चालणार नाही याचा त्याला पुरावाच मिळतो. हीथर अॅश्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८२ ते १९९४ न्यूकॅसलला या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवलं. हळूहळू, रुग्णाला झेपेल त्या गतीने कमी करत जाणं, हाच त्यांचा मार्ग होता.

परदेशातल्या आपल्या माणसाला तर गोळी एकदम बंद होण्याचा झटका न ठरवताही बसतो. त्याचा साठा सुट्टीशी बांधलेला असतो. गावच्या मेडिकलमधून भरून आणलेल्या स्ट्रिपा संपल्या, पुढची सुट्टी दूर आहे, तर गोळी त्याच दिवशी बंद. मग “दादा, तू येतोयस तर एवढं पाकीट आण” असा फोन जातो. कुवेतमध्ये मनोविकारांवरच्या अशा औषधांवर कडक नियंत्रण आहे. चिठ्ठीविना दुसऱ्याच्या गोळ्या नेणारा दादा स्वतः कोठडीत जाऊ शकतो. “कायदा कडक आहे, मग प्रश्न आपोआप मिटेल” म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे: कायदा पुरवठा तोडतो, आणि सवय लागलेल्या शरीराचा पुरवठा एकदम तुटणं हाच तर धोका. भारतातही २०१४ पासून यातल्या बऱ्याच गोळ्या एच-वन यादीत आहेत, दुकानदाराने नोंद ठेवायची असते. तरी एम्सच्या २०१९ च्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के लोक शामक औषधं वैद्यकीय गरजेबाहेर घेताना आढळले, आणि अशांची संख्या सर्वाधिक असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

मग करायचं काय? पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण उभं केलं आणि गर्दुल्ल्याला रुग्ण मानायला महाराष्ट्राला शिकवलं. तो मान गोळीत अडकलेल्या फोरमनला, नर्सला, त्यांच्या गावाकडच्या आईलाही मिळाला पाहिजे. पहिली चिठ्ठी घेतानाच विचारावं: किती दिवस, आणि थांबवायची कशी? जे आधीच अडकलेत त्यांनी स्वतःच्या मनाने एकही गोळी तोडू नये. अमेरिकी तज्ज्ञांच्या २०२५ च्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कपात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दारू किंवा ट्रॅमाडोलसारखं वेदनाशामक यांच्यासोबत ही गोळी मुळीच नको, श्वास मंदावतो.

ही कपात महिनोन्महिने चालते, आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाला ती जवळजवळ अशक्य आहे. म्हणून डॉक्टरांनी डोसाच्या वेळापत्रकासोबत कंपनीसाठी एक पत्रही द्यावं: आजाराचं नाव न लिहिता, एवढे महिने याला एकच शिफ्ट द्या. आणि कंपनीने ते पाठीच्या दुखण्याच्या पत्राइतकंच निमूटपणे मान्य करावं.