समुद्रातले घोडे

घोडा हा जमिनीवरचा प्राणी आहे, हे आपल्याला पहिलीतच शिकवतात. तरीही कोकणातल्या एखाद्या बंदरावर जा. कोणी ना कोणी आपल्या जुन्या होडीला आणखी साठ घोडे जुंपायला निघालेला दिसेलच. मुळात हॉर्सपॉवर हे माप रूढ केले ते जेम्स वॉटने, आणि तेही वाफेची इंजिने खपवण्यासाठी! विक्रेत्याने शोधलेल्या मापाने गिऱ्हाईक भुलले, तर त्यात नवल ते काय?

आमच्या धाकट्या मेहुण्याचेच घ्या. त्याची लाकडी लाँच आहे, पाण्याला टेकते ती छत्तीस फूट. साठ हॉर्सपॉवरचे जुने इंजिन सात नॉटने इमानाने चालते. पण शेजारच्याने मोठे इंजिन बसवले आणि याची झोप उडाली.

"भावोजी, एकशेवीसचं टाकतो. डबल स्पीड!"

"अरे, डबल होईल ते कर्ज!"

"तुम्ही पुण्यात बसून समुद्र शिकवू नका."

मी शिकवत नाही हो. विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनिअराने १८७० च्या दशकातच हौदात मेणाची जहाजे ओढून हे सारे तपासून ठेवले आहे. होडी चालताना स्वतःच लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांबते. लाट होडीएवढी लांब झाली की होडीचे नाक वर, मागची बाजू खाली, आणि बिचारी आपल्याच लाटेचा घाट चढत बसते! हा वेग काढायला सोपे गणित आहे. पाण्याला टेकलेल्या लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. छत्तीसचे वर्गमूळ सहा. म्हणजे आठ नॉट. पुढे घोडे जुंपाल तितक्या फक्त लाटा मोठ्या होणार. सपाट बुडाची स्पीडबोट पाण्यावर उचलली जाते, तिची गोष्ट वेगळी. पण ओझ्याने जड झालेली लाँच कसली उचलली जातेय!

आता हिशेब बघा. वीस सागरी मैल यायला सात नॉटने दोन तास एक्कावन्न मिनिटे लागतात, आठने अडीच तास. वाचली एकवीस मिनिटे. लिलाव सुरू होईपर्यंत चहा पिण्यात ती गेलीच. डिझेल मात्र जवळजवळ पावणेदोनपट! शिवाय नुसते इंजिन बदलून भागते होय? गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, सगळेच नवे लागते. नवी सून आली की जुने भांडे टिकत नाही, तशातली गत.

"पण जाळं ओढायला जोर लागतोच की!" मेहुणा म्हणतो. हे मात्र खरे आहे. त्याची बाजू मला मान्य. पण तो जोर मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्यातून जास्त मिळतो. म्हणजे आधी पंखा आणि गिअरबॉक्स तपासायचे, इंजिनाचा विचार मागाहून. जून-जुलैच्या बंदीत होड्या शाकारलेल्या असतात, तेव्हाच बुडाचे शेवाळ नि शिंपले खरवडून काढावेत, इंजेक्टर दुरुस्त करून घ्यावेत. हरवलेला वेग बहुतेक तिथेच सापडतो. पण खरवडण्यात प्रतिष्ठा नाही ना! शेजाऱ्याला खरवडलेले बूड दिसत नाही, नव्या इंजिनाची धडधड मात्र ऐकू जाते.

हे सारे मी हसत लिहितोय, पण एका गोष्टीचे हसू येत नाही. इंजिन साठसाठी बसवलेल्या जुन्या लाकडांवर एकशेवीसची थरथर पडली की सांधे ढिले होतात, आणि पाणी आत यायला वाट मिळते. त्या वेळी होडीत मालकाचे कर्ज असते, त्याच्या बायकोच्या गहाण पाटल्यांचा भार असतो आणि चार खलाशी असतात. पहिली दोन ओझी बुडाली तर माणूस रडून पुन्हा उभा राहतो. खलाशांच्या घरी मात्र बायकापोरे वाट बघत असतात, आणि मोठे इंजिन घ्यायचे की नाही हे त्यांना कोणी विचारलेले नसते.