छातीतला पू: औषध की दुर्बीण?

न्यूमोनियाची औषधे सुरू होऊन चार-पाच दिवस झाले, तरी ताप हटत नाही आणि श्वास घेताना एका कुशीत कळ येते. अशा रुग्णाच्या फुप्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साचून त्याचा पू झालेला असू शकतो. सोनोग्राफीत ते दिसते. पाणी काढून तपासले आणि त्याचा पीएच ७.२ पेक्षा कमी निघाला, किंवा सरळ पूच आला, तर नळी टाकावीच लागते. आपल्याकडे क्षयाची तपासणीही सोबत हवी.

प्रश्न पुढे येतो. पुवात जाळ्या धरल्या की नळी तुंबते. मग दुर्बिणीने छाती साफ करायची, की नळीतून औषध सोडायचे?

नुसते स्ट्रेप्टोकायनेज सोडून फायदा होत नाही, हे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने २००५ मध्ये दाखवले. २०११ मध्ये तिथल्याच संशोधकांनी २१० रुग्णांवर दोन औषधांची जोडी वापरून पाहिली: गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज (पक्षाघातात देतात तेच) आणि पुवाचा चिकटपणा मोडणारे डीएनेज. शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आले, रुग्णालयातला मुक्कामही जवळपास आठवड्याने घटला. यातले एकेक औषध सुटे दिले तर मात्र उपयोग झाला नाही. मृत्यू कमी झाल्याचेही दिसले नाही.

म्हणून औषधाने दुर्बिणीला हरवले, असे म्हणणे घाईचे ठरेल. दोन्हींची समोरासमोर मोठी तुलना प्रौढांत अजून व्हायची आहे. रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ही जोडी देता येत नाही. आणि आवरणाची जाड साल होऊन फुप्फुस आवळले गेले असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

मिरा-भाईंदरकरांसाठी या वादाला आणखी एक बाजू आहे. छातीच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बहुधा मुंबई गाठावी लागते आणि खाटेची वाट पाहण्यात साल जाड होत जाते. नळी टाकून औषध सोडायला मात्र शल्यगृह लागत नाही. सोनोग्राफी, प्रशिक्षित डॉक्टर आणि रात्रंदिवस लक्ष ठेवणारी परिचारिका लागते. भाईंदरच्या भीमसेन जोशी रुग्णालयासारख्या ठिकाणी एवढी सोय असायलाच हवी. अल्टेप्लेज महाग आहे, हे खरे. पण त्याचा हिशेब मांडताना वाचलेले खाटेचे दिवस, नातेवाइकांचा बुडालेला रोजगार आणि लोकलच्या खेपाही धराव्यात. तीन दिवसांत फरक पडला नाही, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाशी बोलणे व्हावे. त्यासाठी कोणत्या रुग्णालयात कोणाला फोन करायचा, हे आधीच ठरलेले असावे.